जमतं, भिंत धरून

टॉवेलची दांडी माणसाने धरायची नसते. एवढं एकच वाक्य मी मेलबर्नमध्ये दहा-बारा वर्षं घरोघर सांगत फिरलो. ऐकणारं म्हातारं माणूस दर वेळी हसून म्हणायचं, "हो हो, माहीत आहे मला." मग मी बाथरूममध्ये जाऊन बघायचो, तर दांडी एका बाजूने लुळी पडलेली. टॉवेलाचं वजन असून असून किती? दांडी टॉवेलाने सैल होत नाही, माणसाने होते.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या खुर्च्या दुरुस्त करत. पुढे पुण्याला फर्निचरच्या कारखान्यात उभा जन्म गेला. मुलगा महेश कॉम्प्युटरमध्ये शिकला, इकडे आला, मेलबर्नच्या पॉइंट कुक भागात घर घेतलं. त्याची आई गेल्यावर मलाही घेऊन आला. "बाबा, आता आराम करा." आराम मी आठ दिवस केला. नवव्या दिवशी शेजारच्या घरी एक माणूस दाराला रॅम्प बसवत होता आणि फळीला करवत उलट्या बाजूने लावत होता. मला बघवेना. कुंपणावरून हात करून मी त्याला थांबवलं, करवत घेतली, फळी कापून दिली. तो म्हणाला, "यू अ चिप्पी, मेट?" मला वाटलं शिवी दिली. चिप्पी म्हणजे सुतार, हे संध्याकाळी सुनेने सांगितलं. तो टोनी. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या गाडीत.

नावाचीही एक गंमत झाली. मला सगळे नाना म्हणतात, तसं मी टोनीला सांगितलं. इथल्या लोकांत 'नॅना' म्हणजे आजी. टोनी गिऱ्हाइकाला फोनवर सांगायचा, उद्या सकाळी नॅना येऊन दांडी बसवून जाईल. दार उघडणारी माणसं आधी माझ्या मिशीकडे बघायची.

आता काम काय होतं ते सांगतो. इथल्या घराची भिंत आपल्यासारखी विटांची नसते. आत दीड-दीड फुटावर उभे लाकडी खांब, त्यावर प्लास्टरचे बोर्ड, बाथरूममध्ये वरून टाइल. टॉवेलची दांडी नुसत्या बोर्डात प्लास्टिकची गुटली घालून बसवतात. माणसाने धरायची दांडी, तिला ग्रॅब रेल म्हणतात, ती मात्र आतल्या लाकडात गेली पाहिजे. ते लाकूड बाहेरून दिसत नाही. शोधायला मशीन मिळतं. मी बोटाच्या पेराने ठोकून ऐकतो. पोकळ वाजलं की पुढे सरकायचं, भरीव वाजलं की खूण करायची. टोनी आधी हसायचा, मग माझ्यामागून मशीन फिरवून तपासायचा, मग त्याने तपासायचं सोडून दिलं. दांडी बसली की मी दोन्ही हातांनी धरून तिच्यावर सगळं अंग टाकायचो. गिऱ्हाइकाच्या देखत. त्याशिवाय सही मागायची नाही.

हे काम यायचं सरकारकडून. इथे म्हातारपणी हातपाय थकले की सरकारकडे नाव घालता येतं. मग असेसर येतो. तो काय काय करता येतं ते विचारतो आणि किती मदत द्यायची ते ठरवतो. गरज थोडी वाटली तर पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन झाडलोट करून जातं. जास्त वाटली तर होम केअर पॅकेज. त्याच्या चार पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर रोज सकाळी बाई येते, अंघोळ घालते, गोळ्या बघते, पाय सुजलाय का ते बघते. घरात रेल आणि रॅम्प बसतात. मंजूर झालं तरी रांग असते. रांगेत उभं राहून काही माणसं गेली, तेही मी पाहिलंय.

जॅक नावाचा एक म्हातारा होता, एकटा राहणारा. तो रांगेत होता तेव्हा दर दोन-तीन आठवड्यांनी पडायचा. मोडायचं काही नाही, पण उठता यायचं नाही. मग ॲम्ब्युलन्स. ती माणसं त्याला उचलायची, नियमाप्रमाणे इमर्जन्सीत न्यायची, तिथे सहा तास बाकावर, मग घरी. पॅकेज आलं, आम्ही चार ठिकाणी रेल लावल्या, सकाळची बाई सुरू झाली. काही महिन्यांनी मी एक स्क्रू बघायला गेलो तर जॅक वैतागलेला.

"नॅना, आधी मी डॉक्टरकडे वर्षातून एकदा जायचो. ही बाई रोज काहीतरी शोधून काढते. आज पायाचा डॉक्टर, उद्या कानाचा. मला घरी बसायला मिळत नाही!"

"आणि ॲम्ब्युलन्स?"

जॅकने जरा आठवून बघितलं. "ती पोरं आता येत नाहीत," तो म्हणाला. "चांगली पोरं होती रे."

आमचा महेश एकदा जेवताना म्हणाला, की म्हाताऱ्यांना घरी मदत दिली की दवाखान्याचा भार कमी होतो, असं त्याने कुठेतरी वाचलं. मी म्हटलं, अर्धंच बरोबर आहे. मदत मिळाली की म्हातारं माणूस डॉक्टरकडे जास्त जातं. पण उभं जातं, आडवं जात नाही.

मग कोविड आला. मेलबर्नमध्ये घराबाहेर पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा हुकूम झाला. आमच्या कामाला परवानगी होती, कारण म्हातारी माणसं लॉकडाऊनमध्येही पडतात. खरं सांगायचं तर जास्त पडत होती. पोरंबाळं येत नव्हती, फिरणं बंद, पायातलं बळ गेलं. आणि दवाखान्यात गेलो तर कोविड होईल म्हणून दुखलं तरी कुणी बोलत नव्हतं. महेश म्हणाला, "बाबा, तुमचं वय काय? तुम्हीच रिस्कमध्ये आहात. घरी बसा." मी म्हटलं, परवानगीच्या कागदावर माझं नाव आहे, तुझं नाही. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी त्यानेच मला मास्कचा खोका आणून दिला.

त्या थंडीत, इथे थंडी जून ते ऑगस्ट, मी ग्लेन वेव्हर्लीला सुमनताईंकडे गेलो. मागच्या दाराच्या पायरीला कठडा करून द्यायचा होता. सुमनताई म्हणजे आमच्या गणपतीतल्या. मी मखर करायचो आणि त्या पोरांची गाणी बसवायच्या. नाशिककडे त्यांनी तीस वर्षं बालवाडी चालवली. वय अठ्ठ्याहत्तर. घरात त्या आणि मुलगी मेधा, दोघीच. मेधा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तेव्हा कोविडच्या टेस्टांचा डोंगर पडलेला, ती सकाळी जायची ती अंधार पडल्यावर यायची.

हात धुवायला मी बाथरूममध्ये गेलो. टॉवेलची दांडी लुळी. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि आवळून टाकली. सुताराचा हात, सैल दिसलं की आवळतो. बाहेर येऊन म्हटलं, "ताई, आत एक रेल बसवून टाकू का?"

"नव्या टाइल्सना भोकं? मेधा काय म्हणेल! आणि मी काय एवढी म्हातारी झालेय का हो नाना?"

मी विषय सोडला.

तेवढ्यात फोन वाजला. मेधाने आईचं नाव घातलं होतं, त्याचा असेसर. एरवी माणूस घरी येऊन बघून जातो, पण लॉकडाऊनमुळे सगळं फोनवर चाललेलं. बाई गोड आवाजाची होती, नाव जोआन. तिने विचारलं, मराठी इंटरप्रीटर जोडून देऊ का? सुमनताईंनी फोनवर हात ठेवला.

"नको बाई. परक्या माणसापुढे कसलं रडगाणं गायचं? नाना, तुम्हीच बोला. तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

माझं इंग्रजी चांगलं आहे असं आयुष्यात मला कुणी म्हटलं नव्हतं. मी ड्रिल खाली ठेवलं आणि मान ताठ करून खुर्चीत बसलो.

जोआनने विचारलं, घरात चालता येतं का? मी मराठीत विचारलं.

"जमतं की. भिंत धरून."

"यस," मी फोनमध्ये म्हणालो, "शी कॅन वॉक."

स्वयंपाक?

"जमतो. बसत उठत करते आपला. कुकरचं झाकण तेवढं मेधा लावून जाते."

"यस. शी इज कुकिंग."

मग अंघोळीचं आलं. बाईमाणसाला मी अंघोळीचं काय विचारू? मीच खाली बघत विचारलं. त्याही खाली बघत म्हणाल्या, "जमतं हो."

"नो प्रॉब्लेम," मी सांगितलं.

मधेच त्या उठल्या, ओट्याला टेकून टेकून चहा टाकला. पाहुणा घरात आणि चहा नाही, हे त्यांना सहन होणार नव्हतं. जोआनला कपांचा आवाज गेला. ती खूश झाली. "ओह, चहा करतायत का त्या?" मी म्हटलं, "व्हेरी गुड टी." तेही तिने लिहून घेतलं असणार.

फोन ठेवल्यावर सुमनताई म्हणाल्या, "छान बोललात नाना. उगाच कुणाचा मिंधेपणा नको." आणि मला ते पटलं होतं. आपल्या माणसाची लाज राखली असं वाटत मी गाडी चालवत घरी आलो.

पत्र आलं, पंधरा दिवसांनी एकदा झाडलोट. तेवढंच.

ऑगस्ट संपता संपता मेधाचा फोन आला. आई दुपारी पडली. ती शिफ्टवरून येईपर्यंत चार तास फरशीवर होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं.

"नानाकाका," मेधा म्हणाली, "आईच्या हातात टॉवेलची दांडी होती. स्क्रूसकट बाहेर आलेली."

तो स्क्रू कोणता ते मला माहीत होतं. लुळी दांडी बघून तरी त्यांनी हात आखडता घेतला असता. मी ती आवळून भरवशाची केली होती. आणि दांडी लुळी म्हणजे काय, हे सगळ्या मेलबर्नला सांगत फिरणाऱ्या मीच ती बघून, बाहेर येऊन, "नो प्रॉब्लेम" म्हणालो होतो.

मेधाला मी हे लगेच सांगितलं नाही. दोन दिवस लागले. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काका, मीपण विचारलं असतं तर आई तेच म्हणाली असती." तिचा मोठेपणा. माझं ओझं त्याने हललं नाही.

हॉस्पिटलमध्ये भेटायला बंदी. मेधा रोज एका हॉस्पिटलमध्ये राबायची आणि आई दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये, दिसायची ती फोनच्या काचेवर. ऑपरेशननंतर तिथल्या लोकांनी सांगितलं, आता दोनच वाटा आहेत. नर्सिंग होम, म्हणजे इथला वृद्धाश्रम, नाहीतर घर. पण घरी पाठवायचं तर वरच्या पायरीची मदत मंजूर पाहिजे. ती येईपर्यंत काही आठवडे तात्पुरती मदत मिळेल, तीही असेसमेंटमध्ये बसलं तर. आणि त्यांच्या कागदावर जुनं लिहिलेलं: चालता येतं, स्वयंपाक करतात, अंघोळ स्वतः. मग ही बाई पडली कशी, अशी तिथे कोड्यात पडलेली माणसं. त्या दिवसांत इथल्या नर्सिंग होमांत कोविडने माणसं जात होती, त्या बातम्या सगळ्यांना आठवत असतील. आत गेलेलं माणूस काचेपलीकडे. सुमनताई तिथे गेल्या असत्या तर मराठीत 'पाणी द्या' म्हटलेलं कळणारंही कुणी नव्हतं.

असेसमेंट पुन्हा होणार होतं, फोनवरच. त्याच्या आदल्या दिवशी मी आणि टोनी ग्लेन वेव्हर्लीला बाथरूम करायला गेलो. रेल किती उंचीवर लावायची हे माणसाला उभं करून ठरवतात, आणि आमचं माणूस तर हॉस्पिटलमध्ये. मेधा म्हणाली, "काका, माप मी दाखवते." खोलीपासून बाथरूमपर्यंत पांढऱ्या भिंतीवर एका उंचीवर तेलकट डागांची ओळ गेली होती. खोबरेल तेलाचा हात. हात, थोडं अंतर, हात, थोडं अंतर. "मी पुसून पुसून थकले," मेधा म्हणाली, "मला वाटायचं आई हात धुवत नाही." टोनीने डोक्यावरची टोपी काढली. त्या डागांवरच आम्ही रेल धरल्या आणि खुणा केल्या. माझ्या जन्मात एवढं चोख माप मला कुणी दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोनवर आम्ही सगळे: हॉस्पिटलमधून सुमनताई, घरून मेधा, पॉइंट कुकहून मी, जोआन आणि या वेळी सरकारी इंटरप्रीटर, कुणी पाटीलबाई. मी मेधाला आधीच म्हटलं होतं, पहिल्यांदा मला बोलू दे.

"मॅडम," मी जोआनला म्हणालो, "लास्ट टाइम आय वॉज राँग. नॉट शी. मी. शी सेड, वॉक होल्डिंग द वॉल. आय सेड, वॉक." मग टॉवेलच्या दांडीचंही सांगितलं. इंग्रजी तुटत होतं, पण पाटीलबाईला मधे पडू दिलं नाही. माझी चूक मलाच सांगायची होती. जोआन एवढंच म्हणाली, "थँक यू, नॅना."

मग तिने विचारलं, अंघोळ स्वतः करता येते का?

सुमनताई म्हणाल्या, "जमतं."

मोडलेला खुबा घेऊन हॉस्पिटलच्या खाटेवरून!

पाटीलबाईने 'यस' म्हटलं नाही. ती जोआनला म्हणाली, मी एक खुलासा विचारते. आणि मराठीत विचारलं, "आजी, जमतं म्हणजे कसं जमतं?" बघा, एवढाच प्रश्न. मला सुचला नव्हता.

मेधाचा "आई, प्लीज" एवढाच आवाज आला. मला राहवेना.

"ताई," मी म्हटलं, "बालवाडीत एखादं पोर चप्पल उलटी घालायचं आणि विचारलं की म्हणायचं, येतं मला. तुम्ही काय करायचात?"

"काय करायचे म्हणजे? वाकून सरळ करायचे."

"त्या पोराची इज्जत जायची का?"

"इवल्याशा पोराची कसली इज्जत, नाना!"

"मग आता वाकू द्या की कुणाला तरी."

फोनमध्ये वॉर्डातलं मशीन टुणटुणत होतं. मग त्या म्हणाल्या, "नाही जमत."

पाटीलबाईने ते इंग्रजीत सांगितलं. आणि एकदा सुरुवात झाल्यावर सुमनताई थांबेनात. अंघोळ नाही जमत. कुकरचं झाकण नाही जमत. गोळ्यांचं पाकीट फुटत नाही, मेधा येईपर्यंत दुपारची गोळी राहते. परकराची नाडी सुटत नाही, म्हणून त्या दिवशी घाई झाली. मागचे सहा महिने केस त्यांनी स्वतः विंचरले नव्हते. मेधा रडत होती ते ऐकू येत होतं. पाटीलबाई नाडीसाठी इंग्रजी शब्द शोधत अडकली, मग सरळ 'स्ट्रिंग' म्हणाली. शेवटी सुमनताईंनी विचारलं, "पुरे का आणखी सांगू?"

सुमनताई नर्सिंग होमला गेल्या नाहीत. दोन आठवड्यांनी घरी आल्या, तात्पुरती मदत लगेच सुरू झाली आणि पुढे वरच्या पायरीचं पॅकेजही आलं. सकाळची बाई व्हिएतनामची, तिला त्यांनी 'ये गं' म्हणायला शिकवलं. तिने सुजलेला पाय वेळेवर बघितला, कमी झालेलं वजन बघितलं. आता सुमनताई महिन्यातून दोनदा डॉक्टरकडे जातात आणि जॅकसारखीच कुरकुर करतात. ॲम्ब्युलन्स त्या दारी पुन्हा आलेली नाही.

मी हे काम पुढे वर्षभर केलं. मग माझ्या डाव्या गुडघ्याने राजीनामा दिला. टोनीने मला खुर्चीवर बसून मापं लिहायचं काम देऊ केलं, मी नको म्हटलं. तो माझा हेका, त्याचं मला वाईट वाटत नाही.

माझं नाव सुनेने घातलं, मला न विचारता. प्राजक्ता तिचं नाव, महेशपेक्षा हट्टी. तिच्याकडून कळल्यावर सुमनताईंनी मला फोन केला, "नाना, उद्या तुमची परीक्षा म्हणे. अभ्यास झाला का?" मी म्हटलं, मला कशाला मदत, मी माझं सगळं करतो. त्या हसल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

असेसर या वेळी घरी आली होती, तोंडाला मास्क लावून. तिने विचारलं, शॉवर स्वतः घेता का? माझं बोलणं इंग्रजीत सांगायला बसलेली प्राजक्ता माझ्याकडे बघत होती. मी नेहमीसारखं म्हणालो, "जमतं."

प्राजक्ता इंग्रजीत काही बोलली नाही. नुसती थांबली.

"भिंत धरून," मी म्हणालो.

मग तिने सांगितलं, एकही शब्द न गाळता.

रेल बसवायला कुणी नवाच माणूस आला. टोनीला मी मुद्दाम बोलावलं नव्हतं. या नव्या माणसाकडे मशीन होतं, पण त्यातला सेल संपलेला. तो भिंतीवर हाताने ठोकत होता आणि पोकळ आवाजावर पेन्सिल टेकवत होता. मी बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो. न बोलायचं ठरवलं होतं.

"मेट," मी म्हणालो, "डावीकडे. दोन बोटं."

त्याने माझ्याकडे बघितलं, दोन बोटं सरकला आणि ठोकलं. भरीव वाजलं.

रेल बसली. मी उठलो, दोन्ही हातांनी ती धरली आणि तिच्यावर सगळं अंग टाकलं. मग त्याच्या कागदावर सही केली.